सातपुड्याच्या दोन नद्या आणि एक खोटा झिंगा

मत्स्यवेध हा शब्द आपल्या घरांतून बहुधा द्रौपदीस्वयंवराच्या प्रसंगानेंच ऐकूं येतो. ज्या घरांत मासा शिजत नाहीं, त्या घरांत तो अवतार असतो, रास असते, किंवा एखाद्या मुलीच्या डोळ्यांस दिलेली उपमा असते. तेव्हां मासे धरण्याच्या एका परदेशी युक्तीविषयीं या पानांतून लिहूं लागल्यास कांहीं वाचकभगिनी कपाळास आठी घालतील, हें आम्ही जाणून आहों. आम्ही स्वतः शाकाहारी. जन्मांत कधीं गळ हातीं धरला नाहीं, आणि साठी उलटल्यावर तो धरण्याची हौसही नाहीं. तथापि गेल्या आश्विनांत, नवरात्र आटोपल्यावर, नंदुरबार जिल्ह्यांत आठ दिवस हिंडणें झालें, तेव्हां बोटभर लांबीचें, रबरासारखें मऊ असें एक खेळणें आमच्या सोबत होतें. त्या खेळण्याच्या निमित्तानें दोन नद्यांविषयीं जें कळलें तें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम प्रदेशाची ओळख करून देतों. नंदुरबार पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ रोजीं तो स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादें, तळोदें, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणें येथील दर शंभर माणसांपैकीं सुमारें ६९ माणसें भिल्ल, पावरा, कोकणी, मावची इत्यादि आदिवासी समाजांचीं आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार स्थानकीं उतरून उत्तरेकडे शहाद्याच्या वाटेस लागलें कीं आधीं तापी लागते, मग सपाट काळी जमीन, मग सातपुड्याची भिंत, आणि त्या भिंतीच्या पलीकडे खोल दरींत नर्मदा. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वसमुद्राची वाट धरतात. या दोघी मात्र पश्चिमेस जातात. तापी ही सूर्याची कन्या. महाभारताच्या आदिपर्वांत ती संवरण राजाची राणी आणि कुरूची माता म्हणून येते. नर्मदेविषयीं तर सांगावयास नकोच. परिक्रमा करणारे यात्रेकरू ज्या शूलपाणीच्या झाडीचें भीतभीत वर्णन करीत आले, तिचा कांहीं भाग याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर आहे.

आमच्या सोबत आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा होता. तो अमेरिकेंत टेक्सास प्रांतांत इंजिनियर आहे. दसरा-दिवाळीची रजा साधून आला होता. तिकडे शनिवार-रविवार तो तळ्याकांठीं मासे धरण्यांत घालवितो. आमच्या घराण्यांत हा छंद कोठून शिरला, असें आमच्या वहिनी म्हणतात. पण मुलगा गुणी आहे आणि काकांस गाडींतून हिंडवावयास तयार होता, तेव्हां आम्हीं वाद वाढविला नाहीं. त्याच्या पिशवींत काठी, चक्री आणि लहान लहान पाकिटें होतीं. एका पाकिटांत तें खेळणें होतें. सात-आठ सेंटिमीटर लांब, तपकिरी-हिरव्या रंगाचें, अंगावर वळ्या, मागें निमुळती शेपटी, पुढें मिशा आणि दोन रुंद नांग्या. हातांत घेतलें तर जेलीसारखें थरथरे. त्याच्या भाषेंत तें ‘क्रॉ’. म्हणजे क्रेफिश नांवाच्या गोड्या पाण्यांतील नांगीवाल्या प्राण्याची प्रतिकृति. हा प्राणी दिसावयास लहान शेवंडासारखा. उत्तर अमेरिकेच्या ओढ्यांत व तळ्यांत त्याच्या शेंकडों जाती आहेत; भारतांत मात्र तो मूळचा नाहीं.

ज्या माशासाठीं हें आमिष तो ‘बास’, विशेषतः मोठ्या तोंडाचा बास. हाही मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतला. तो दबा धरून बसतो. पाण्यांत बुडालेलें झाड, दगडांची कपार, गवताची कड अशा आडोशास राहतो, आणि भक्ष्य टप्प्यांत आलें कीं तोंड एकदम विस्फारून पाण्यासकट तें ओढून घेतो. क्रेफिश हें त्याचें आवडतें खाद्य. पूर्वीं आमिषें लांकडाचीं, धातूचीं, पिसांचीं असत. १९४९ सालीं ओहायो संस्थानांतील ॲक्रन शहरीं निक क्रीम नांवाच्या गृहस्थानें मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ ओतून विकावयास आणला. ॲक्रन हें टायरांच्या कारखान्यांचें गांव; पीव्हीसी नांवाचें कठीण द्रव्य तेल मिसळून मऊ करण्याची युक्तिही तेथेंच वाल्डो सेमन यानें १९२६ सालीं काढली होती. त्या गांडुळापासून पुढें बेडूक, सरडे आणि हे क्रॉ निघाले. तें द्रव्य तापवून सांच्यांत ओततात. कोणी त्यांत मीठ घालतात, म्हणजे वजन येतें आणि माशानें तोंडांत घेतलेलें लौकर थुंकत नाहीं. कोणी लसणाचा वास देतात. हें ऐकून आम्हांस हंसूं आलें. आमच्या घरीं चातुर्मास चालू असल्यानें स्वयंपाकघरांत लसूण बंद, आणि पुतण्याच्या पिशवींतून मात्र त्याचा दरवळ येत होता!

आतां हें आमिष गळास कसें लावतात तें पाहूं; कारण सगळें मर्म त्यांत आहे. आमची समजूत अशी कीं गळ डोक्याच्या बाजूनें घालावा आणि दोरीनें ओढल्यावर तो प्राणी तोंड पुढें करून चालावा. पुतण्यानें नेमकें उलट केलें. प्रथम त्यानें दोरींत बंदुकीच्या गोळीसारखी एक निमुळती शिशाची गोळी ओंवली, टोंक काठीकडे ठेवून. मग दोरीस गळ बांधला. हा गळ डोळ्याजवळ पायरीसारखा मोडलेला आणि पोटाशीं रुंद असतो. त्याचें टोंक त्यानें झिंग्याच्या डोक्यांत न घालतां शेपटीच्या शेवटांत सरळ खुपसलें, पाऊण सेंटिमीटर आंत जातांच बाजूनें बाहेर काढलें, आणि सबंध गळ ओढून घेऊन ती पायरी शेपटींत बसविली. मग गळ अर्धा फिरविला, अंगाशीं धरून टोंक कोठें येतें तें मापून घेतलें, आणि त्या जागीं तें पुनः अंगांत घुसवून वरच्या पातळ कातडीखालीं लपवून ठेवलें. झिंगा सरळ बसला पाहिजे. तिरका बसल्यास पाण्यांत गरगर फिरतो आणि दोरीस पीळ पडतो. टोंक झांकलेलें असल्यामुळें गवतांतून, फांद्यांतून ओढलें तरी अडकत नाहीं; मासा चावला आणि झटका दिला म्हणजे मात्र मऊ अंग दबून टोंक बाहेर येतें. या बांधणीस पूर्व टेक्सासच्या झाडींनीं भरलेल्या तलावांवरून टेक्सास रिग असें नांव पडलें. दुसऱ्या एका रीतींत शिसें दोरीवर हात-दीड हात मागें ठेवतात, म्हणजे शिसें तळावर घासत येतें आणि आमिष त्याच्या मागून तरंगत येतें. तिसरींत गळाच्या डोक्यासच शिसें ओतलेलें असतें.

पण शेपटीकडून कां बांधावयाचें? याचें उत्तर प्राण्याच्या स्वभावांत आहे. क्रेफिश निवांत असतां पायांनीं पुढें चालतो; भय वाटलें कीं शेपटी पोटाखालीं झटक्यानें दुमडतो आणि मागें फेंकला जातो. पळतांना शेपटी पुढें, नांग्या मागें. थांबला म्हणजे शत्रूकडे तोंड करून नांग्या वर उभारतो. दोरी शेपटीस असल्यामुळें प्रत्येक ओढ ही त्याची पळण्याची उडी होते, आणि ओढ थांबली कीं डोकें व हलक्या नांग्या तळावरून किंचित् वर उचलल्या जातात. म्हणून हें आमिष ओढावयाचेंही तसेंच: लांब फेंकून तळापर्यंत जाऊं द्यावें; काठीचें टोंक उचलून वीतभर उडी द्यावी; मग थांबावें. पुनः उडी, पुनः थांबणें. मासा बहुधा तें खालीं जातांना किंवा थांबलेल्या क्षणीं घेतो, आणि तें हातास नव्हे तर डोळ्यास कळतें. दोरी उगीचच बाजूस सरकते. “काका, यांत हात कमी आणि थांबणें जास्त,” असें पुतण्या म्हणाला. वर्गांत उत्तराची वाट पाहणाऱ्या शिक्षकासही हेंच सांगतां येईल.

संस्कृताचा अभ्यास केलेल्या माणसास येथें दोन ग्रंथ आठवावे. एक अमरकोश. त्याच्या वारिवर्गांत माशांचीं नांवें तर आहेतच, पण गळास ‘बडिश’, खेकड्यास ‘कुलीर’, आणि अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांच्या घोळक्यास ‘पोताधान’ असा वेगळा शब्द आहे. ज्या भाषेंत पिल्लांच्या घोळक्यास स्वतंत्र शब्द आहे, ती बोलणाऱ्यांनीं पाण्याकडे नीट पाहिलें होतें. दुसरा ग्रंथ मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा बाराव्या शतकांतला ग्रंथ. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांच्या संपादनाखालीं तो छापला गेला. राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकींत, एक ‘मत्स्यविनोद’ आहे. त्यांत नदींतले मासे कोणते, समुद्रांतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोण कोठें राहतो, कोणास काय खाऊं घालावें, दोरी कशी वळावी, हें सगळें सांगितलें आहे. इंग्रजींत या देशांतल्या गळाच्या शिकारीवरचा थॉमससाहेबांचा प्रसिद्ध ग्रंथ १८७३ सालीं निघाला. सोमेश्वराचा विनोद त्याच्याहून साडेसातशें वर्षांनीं जुना. राजाचा दंडक आणि पुतण्याचा दंडक एकच: मासा काय खातो व कोठें बसतो हें आधीं जाणावें, काठी मग उचलावी.

आम्ही प्रथम प्रकाशास उतरलों. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचें हें गांव दक्षिण काशी म्हणून ओळखलें जातें. केदारेश्वर, काशीविश्वेश्वर आणि पुष्पदंतेश्वर यांचीं देवळें येथें आहेत. १९५४-५५ मध्यें बी. के. थापर यांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर निघाले. म्हणजे हजारों वर्षें माणूस या कांठीं राहून याच नदीचें पाणी पीत आला आहे. आतां सारंगखेडें आणि प्रकाशें येथें तापीवर बंधारे झाले असून खालीं गुजराथेंत १९७२ सालीं पुऱ्या झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत येतो. पावसाळ्याखेरीज वाहणारी तापी येथें थोडी, थांबलेली जास्त.

थांबलेल्या पाण्यांत मरळ सुखानें राहतो. संस्कृतांत शकुल, बंगाल्यांचा ‘शोल’ याच शब्दापासून झाला. सर्पासारखें डोकें, लांबट अंग, आणि कल्ल्यांशिवाय हवा घेण्याची सोय डोक्यांतच. म्हणून तो मधून मधून पृष्ठावर येऊन श्वास घेतो. बासाशीं याचें नातें नाहीं. पण दोघांचा स्वभाव इतका सारखा कीं आपल्याकडील हौशी तरुण मऊ बेडूक आणि झिंगे घेऊन मरळाच्याच मागें असतात. दोघेही आडोशाचे शिकारी. आणि आणखी एक गोष्ट दोघांत समान आहे: दोघेही पिल्लें राखतात. बासाचा नर तळाशीं उथळ खळगा करून अंडीं आणि पिल्लें संभाळतो. मरळाचें जोडपें पिल्लांच्या तांबूस घोळक्याखालीं फिरत राहतें.

सायंकाळीं काठाच्या गवताशीं पाण्यावर एके ठिकाणीं बारीक बुडबुडे फुटल्यासारखें दिसत होतें. पुतण्यानें काठी उचलली. शेजारीं जाळें आवरीत असलेला एक भोई मोठ्यानें म्हणाला, “भाऊ, तेथें टाकूं नका. तीं लेकरें आहेत. खालीं मायबाप असतील.”

अमरसिंहाचें ‘पोताधान’ आम्हांस असें प्रत्यक्ष भेटलें. त्या घोळक्यांत आमिष पडलें असतें तर मरळानें तें भुकेपोटीं नव्हे, पिल्लांच्या रक्षणासाठीं चावलें असतें. जगांत सर्वत्र हौशी लोकांस हें ठाऊक आहे आणि कित्येक मुद्दाम तेंच करतात. मोठा मासा हमखास मिळतो. पण मायबाप गेले कीं घोळका तासाभरांत इतर माशांच्या पोटीं जातो. अमेरिकेंत या प्रश्नावर वाद आहे आणि कांहीं संस्थानांत बासाच्या विणीच्या दिवसांत त्याची शिकार बंद ठेवतात. पुतण्यास हें सगळें माहीत होतें. त्यानें निमूटपणें दोरी गुंडाळली. ज्या रामायणाचा उगम क्रौंचाच्या जोडप्यावरील बाणांत आहे, तें वाचणाऱ्यांस यावर निराळें भाष्य नको. त्या भोयानें मात्र रामायण न काढतां तीन वाक्यांत सगळें सांगितलें होतें. आणि तो मासे धरूनच पोट भरणारा होता, हें विसरतां कामा नये.

प्रकाशाहून शहादें, तेथून सातपुडा चढून धडगांव, आणि धडगांवाहून पुनः खालीं नर्मदेकडे. धडगांव हें अक्राणी तालुक्याचें मुख्य ठिकाण. आमच्या नोकरीचीं बरींच वर्षें याच बाजूच्या शाळांतून गेलीं. नर्मदाकांठच्या एका गांवचा पावरा मुलगा आमच्या वर्गांत होता. आतां तो पन्नाशीचा आहे. भूषा येथें होडी लागते, तेथें तो आम्हांस घ्यावयास आला आणि आमच्या पायां पडला.

वाचकहो, येथें नर्मदा म्हणून जें दिसतें तें आमच्या तरुणपणीं पाहिलेलें पात्र नव्हे. महाराष्ट्राची सीमा धरून सुमारें ५४ किलोमीटर ती वाहते. पूर्वीं काळ्या खडकांतून, धारांतून, डोहांतून वाहत असे. सरदार सरोवराची भिंत २००६ सालीं १२१.९२ मीटरांपर्यंत चढली, पुढें १३८.६८ मीटर उंचीचें पूर्ण झालेलें धरण १७ सप्टेंबर २०१७ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें आणि २०१९ च्या पावसाळ्यांत प्रथमच कांठोकांठ भरलें. महाराष्ट्राचीं ३३ गांवें या पाण्याच्या क्षेत्रांत आलीं; सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतलीं. आतां डोंगरांच्या कमरेपर्यंत स्थिर, हिरवट पाणी आहे. वाहत्या पाण्याचा आणि गोट्यांच्या तळाचा जो महाशीर, ज्याच्या गळ्यांतले दांत खेकड्याची पाठ फोडतात आणि ज्यास थॉमससाहेब विलायतेच्या सामनापेक्षांही झुंजार म्हणत, त्यास विणीसाठीं हें थांबलेलें पाणी मानवत नाहीं. जे कांठीं राहिले त्या कुटुंबांपैकीं कित्येकांनीं सहकारी संस्था करून आतां या जलाशयांत जाळीं टाकावयास आरंभ केला आहे. आमचा विद्यार्थीही त्यांतलाच. आमच्यासाठीं त्यानें संस्थेंत आधींच विचारून ठेवलें होतें.

पुतण्यानें खोटा झिंगा त्याच्या हातावर ठेवला. त्यानें तो उलटा-सुलटा करून पाहिला, शेपटी दाबली, वास घेतला आणि हंसला.

“गुरुजी, हा आमचा नाहीं. आमच्या झिंग्याचे हात काडीसारखे लांब असतात. याचे पंजे कुस्तीगिराचे आहेत.”

“पळतो कसा तुमचा?” पुतण्यानें विचारलें.

त्यानें बोट दुमडून, हात झटक्यानें मागें नेऊन दाखविलें. अगदीं तीच उडी! गोड्या पाण्यांतील मोठ्या झिंग्यास दुसऱ्या जोडीच्या पायांच्या लांब नांग्या असतात, क्रेफिशास पहिल्या जोडीच्या जाड. पण भयानें मागें फेंकलें जाणें दोघांचें एकच. पुतण्यानें खिशांतला चाकू काढला, रुंद नांग्या उभ्या चिरून काडीएवढ्या केल्या, शिशाची हलकी गोळी लावली. आमचा विद्यार्थी म्हणाला, “आतां आमच्या पाण्यांतला दिसतो.”

होडी निघाली. पाणी सर्वत्र सारखें. दगड नाहीं, धार नाहीं, खूण नाहीं. टेक्सासमध्यें अशा वेळीं पुतण्याच्या होडीवर एक यंत्र असतें. तें ध्वनीच्या लहरी सोडून तळाचें चित्र पडद्यावर काढतें. येथें तें नव्हतें. आमचा विद्यार्थी दोन डोंगरांच्या टोंकांकडे पाहत वल्हें मारीत होता. एके जागीं थांबून म्हणाला, “येथें खालीं आमचा नाला नदीस मिळतो. डाव्या हातास मोठे दगड, एकावर एक. लहानपणीं जेठांत पाणी उतरलें कीं आम्ही ते उलथून झिंगे, खेकडे काढीत असूं. दगडांच्या पुढें डोह.” पुतण्यानें आमिष सोडलें. दोरी खालीं जात राहिली, जात राहिली, मग एकाएकीं सैल पडली. शिसें दगडावर टेकलें होतें. डाव्या बाजूस दोन हात सरकविलें तर पुनः खोल. दगड खरोखरच तेथें होते.

आम्ही त्या माणसाकडे पाहत राहिलों. ज्या यंत्रास हजारों रुपये पडतात, तें काम तो आठवणीनें करीत होता. शेजारीं त्याचा वीस वर्षांचा मुलगा होडी धरून बसला होता. त्यास आम्हीं विचारलें, “तुला ठाऊक होतें काय, येथें दगड आहेत?” तो म्हणाला, “नाहीं, गुरुजी. मला कळूं लागलें तेव्हां येथें पाणीच होतें.”

सूर्य डोंगराआड गेल्यावर दोरी बाजूस सरकली. पुतण्यानें झटका दिला, काठी वांकली, आणि दहा मिनिटांनीं लांब मिशांचा, रुंद तोंडाचा, बिनखवल्यांचा एक मासा होडींत आला; तोंडांत बारीक दांतांच्या रांगा. आपल्याकडे यास शिवडा म्हणतात. संस्कृतांत हाच पाठीन असावा, कारण कोशकारानें पाठीनास ‘सहस्रदंष्ट्र’ हेंही नांव दिलें आहे. पुतण्यानें त्याचें माप घेतलें, छायाचित्र काढलें आणि संवयीप्रमाणें त्यास पाण्यांत सोडावयास वांकला. आमच्या विद्यार्थ्यानें त्याचा हात धरला.

“सोडायचा होता तर धरला कशाला?”

या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतल्या पुस्तकांत आहे: मासा सोडला कीं वंश राहतो, खेळही राहतो. पण ज्याच्या घरीं त्या रात्रीं सात माणसें जेवणार होतीं, त्यापुढें तें उत्तर पुतण्यास देववेना. मासा त्या घरीं गेला. आम्हांस नागलीची भाकरी आणि उडदाची दाळ मिळाली. आमच्या मतें न्याय दोन्हीकडे आहे. जो पोटासाठीं धरतो त्यानें लेकरांवरचे मायबाप सोडावे. जो खेळासाठीं धरतो त्यानें धरलेला जीव हळुवार हातानें परत द्यावा, नाहीं तर भुकेल्यास द्यावा. कांठावर टाकून जाण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

आणखी एक गोष्ट पुतण्यानेंच सांगितली, म्हणून तिचें श्रेय त्यास. हे मऊ झिंगे पाण्यांत कुजत नाहींत. दगडांत अडकून तुटले, किंवा फाटले म्हणून टाकून दिले, तर तळाशीं पडून राहतात, फुगतात, आणि मासे ते गिळतात. अमेरिकेंतील मेन संस्थानांत अशा रबरी आमिषांवर बंदी घालण्याचें विधेयक २०१३ सालीं आलें होतें. बंदी झाली नाहीं, चौकशी मात्र झाली. पुतण्या फाटलेला प्रत्येक तुकडा एका डबींत ठेवतो आणि घरीं नेतो. आपल्या देशांत नदींत सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेंच मनाई आहे. प्लॅस्टिकचें विष सावकाश चढतें एवढाच भेद. बाजारांत हीं पाकिटें आतां आपल्याकडेही सहज मिळतात. ज्या घरांतलीं मुलें हा छंद करतील, त्यांच्या मातापित्यांनीं त्यांस काठीबरोबर एक डबीही घेऊन द्यावी.

रात्रीं ओट्यावर बसलों असतां आम्हीं विद्यार्थ्यास म्हटलें कीं नदीच्या तळाचें जेवढें आठवतें तेवढें सांग. तो सांगूं लागला: धार कोठें होती, डोह कोठें, कोणत्या खडकाखालीं झिंगे, कोणत्या वाळूवर टरबुजें लावीत, होळीनंतर पाणी कोठवर उतरे. प्रत्येक खडकास त्याच्या भाषेंत नांव होतें. त्याच्या म्हाताऱ्या आईनें मध्येंच दोन नांवें दुरुस्त केलीं. पुतण्यानें कागदावर डोंगरांचीं टोंकें काढून त्यांच्या रेषेंत त्या जागा मांडल्या. आम्हीं नांवें देवनागरींत उतरून घेतलीं, आणि जेथें उच्चार आमच्या कानास नीट लागला नाहीं तेथें म्हातारीकडून तीन-तीनदां म्हणवून घेतला. अमरसिंहानें पाण्याचे शब्द कोशांत बांधून ठेवले म्हणून पंधराशें वर्षांनीं ते आम्हांस प्रकाशाच्या घाटावर उपयोगीं पडले. त्या ओट्यावरचे शब्द कोणत्याही कोशांत नाहींत. ते सांगणारीं माणसें मात्र अद्याप आहेत, आणि तीं म्हातारीं होत आहेत.

आपल्यापैकीं ज्यांचीं गांवें धरणांच्या पाण्याखालीं गेलीं, अशीं कुटुंबें कृष्णा, भीमा, गोदावरी यांच्या कांठींही पुष्कळ आहेत. आपल्या आजोबांस विचारून घाटाच्या, डोहाच्या, पारावरच्या जागा लिहून ठेवाव्या. शाळामास्तरांनीं मुलांस दिवाळीच्या सुटींत हाच अभ्यास द्यावा. यास खर्च नाहीं. एक वही आणि ऐकावयास सवड, एवढेंच लागतें.

दुसऱ्या दिवशीं निघतांना पुतण्यानें उरलेले झिंगे आणि तुकडे ठेवावयाची डबी त्या मुलास दिली. ती वही आम्हीं आणली नाहीं. तीही त्याच्याच हातीं ठेवली. आमच्या घरीं ती कपाटांत राहिली असती. त्याच्या घरीं ती होडींत जाईल, आणि दोरी सैल पडली कीं खालीं कोणता दगड आहे हें त्यास त्या दगडाच्या नांवासकट कळेल.